तळघरातली दोन वर्तुळं

आई,

मला भीती वाटतेय. एवढं एक वाक्य लिहायला सकाळपासूनचा वेळ गेला. आज रविवार. मयूर विहारच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी एकटीच आहे. बाल्कनीत कपडे वाळतायत, खाली भाजीवाला ओरडून ओरडून पुढच्या ब्लॉककडे गेला. आणि उद्या अकरा वाजता मला पाच माणसांसमोर बसायचंय आणि माझं काय चुकलं ते सांगायचंय. किंवा सांगायचं नाहीये. अजून ठरत नाही. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तू असतीस तर सगळं ऐकून घेतलं असतंस, मग पाठकोरा कागद पुढे सरकवून म्हणाली असतीस, ‘आधी चौकट काढ.’

मी आता नॉयडातल्या एका हॉस्पिटलात इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. चार मजली, लहानसं. लाईट जाऊ न देणं हे माझं काम. बाहेरची लाईट गेली की जनरेटर चालू झाला पाहिजे, आणि तो चालू होईपर्यंतचे काही क्षण बॅटऱ्यांनी सांभाळले पाहिजेत. जनरेटर रुसलाच तर बॅटऱ्या तासभर तग धरतात. सगळ्यात वरच्या मजल्यावर नवजात बाळांची खोली आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं, एकेक तुझ्या ओंजळीत मावेल एवढं. त्यातल्या काहींना श्वासही मशीन देतं. या खोलीत मी महिन्यातून एकदा प्लग तपासायला जायचे आणि बाळांकडे न बघता परत यायचे. बघायची भीती वाटायची, तुला कळेल.

तुझ्याकडून मी हे गणित शिकले तेव्हा अकरा वर्षांची होते. कॅन्टोनमेंटातलं आपलं क्वार्टर, त्याचं ते चिंचोळं स्वयंपाकघर, खिडकीखाली स्टोव्ह, आणि तू जमिनीवर परात घेऊन बसलेली. शाळेत सगळं हिंदी-इंग्रजीत चालायचं. मला मराठी शब्द यावेत म्हणून तू कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या सदनात उतरलेल्या कुणा पाहुण्याकडून गणिताचं मराठी पुस्तक मागवून घेतलं होतंस. संच, संयोग, छेद, विश्वसंच. मला ते शब्द देवळातल्यासारखे वाटायचे. तू परातीत ज्वारीचं पीठ पसरलंस, डब्याचं झाकण त्यात दाबलंस, उचललंस, आणि थोडं सरकवून परत दाबलंस. दोन वर्तुळं, एकमेकांत घुसलेली. ‘आपल्या लाइनीत घरं किती?’ बारा. ‘नऊ घरांत पोळ्या होतात, सात घरांत भाकऱ्या. किती झाली?’ मी पटकन म्हटलं, सोळा.  घरं बारा आणि मी मोजली सोळा! मला रडू यायला लागलं तेव्हा तू दोन वर्तुळांच्या मधल्या पाकळीवर बोट ठेवलंस. ‘ही चार घरं. इथं दोन्ही होतात. तू ती दोनदा मोजलीस. बेरीज करायची असेल तर आधी मधलं बघायचं, मग बाकीचं.’ मग विचारलंस, डोळे मिटून कुठल्याही एका घराचं दार वाजवलं तर तिथं पोळी आणि भाकरी दोन्ही मिळण्याची शक्यता किती? बारांत चार. तिनात एक. मला इतका आनंद झाला की मी खरंच डोळे मिटून लाइनीतल्या एका दारावर थाप मारून आले.

त्याच वर्षी थंडीत बाबांचं युनिट डोंगरात होतं. दुपारी शेजारच्या काकू तशाच, डोक्याला तेल लावता लावता, एका बाजूचे केस मोकळे, आपल्या दारात आल्या. ‘वहिनी, गाडी दरीत गेली म्हणतात. आपल्याच युनिटची. नावं कळेनात.’ काकूंचे यजमान आणि बाबा एकाच युनिटात होते. काकू जिथं उभ्या होत्या तिथंच खाली बसल्या. तू त्यांना पाणी दिलंस, घरी नेऊन सोडलंस, परत आलीस आणि पीठ मळायला बसलीस. मी तुझ्यासमोर बसले आणि विचारत राहिले, बाबा होते का गाडीत? होते का? तुझे हात थांबले. तू बाजूच्या कोरड्या पिठात झाकण दाबलंस. ‘हे सगळं युनिट.’ मग दुसरं दाबलंस. ‘हे गाडीतले लोक. गाडीत दुसऱ्या युनिटचेही होते म्हणतात, म्हणून हे थोडं बाहेर. बाबा पहिल्यात आहेत, हे आपल्याला माहीत आहे. दुसऱ्यात आहेत की नाही, हे माहीत नाही. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. त्यांचा ठिपका अजून कुठंच द्यायचा नाही.’ ठिपक्यासाठी तू तुरीच्या डाळीचा एक दाणा उचलला होतास. तो तू खाली ठेवलाच नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तुझ्या मुठीत होता. एका हातानं तू माझे केस विंचरलेस, एका हातानं चहा गाळलास. मी ती मूठ बघत होते. आज कळतं, तू घाबरली होतीस आणि मला ते दिसू नये म्हणून तू सतत काही ना काही करत होतीस.

दुसऱ्या दिवशी युनिटच्या ऑफिसातून सुभेदारसाहेब आले. ते आपल्या दारावरून पुढे गेले. त्यांच्या बुटांचा आवाज काकूंच्या दारात थांबला आणि मी उड्या मारत ओरडले, ‘बाबा नाहीत! आई, बाबा नाहीत त्यात!’ तू धावत येऊन माझ्या तोंडावर हात दाबलास. इतक्या जोरात की ओठाला आतून दात लागला. डाळीचा दाणा खाली पडला. ‘गप्प. ते वर्तुळ रिकामं नाहीये.’ मला तू आयुष्यात दोनदाच मारलंस, आणि हे मारणंही नव्हतं, पण त्या हाताची चव मला आजही आठवते. पीठ आणि मीठ. पुढचे तेरा दिवस काकूंच्या घरचा स्वयंपाक आपल्याकडे झाला. गाडीत काकूंच्या यजमानांबरोबर त्यांचा सख्खा भाऊही होता हे मला नंतर कळलं. एका घरचे दोघं, एका गाडीत.

बारावीत मी शक्यतेच्या एका गणितात दोन वर्तुळं अगदी लांब लांब काढली आणि खाली दोन्ही शक्यतांचा गुणाकार केला. तू वही हातात घेतलीस. ‘हे दोन्ही एकदम खरं कसं? वर्तुळं वेगळी काढलीस म्हणजे तू म्हणतेस, या दोन गोष्टी एकाच वेळी कधीच होणार नाहीत. विभक्त. आणि गुणाकार केलास म्हणजे म्हणतेस, दोन्ही होऊ शकतात, पण एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. काय ते एक ठरव.’ मी म्हटलं, पुस्तकात गुणाकारच आहे. तू वही मिटलीस. म्हणालीस, ‘गुणायच्या आधी विचारायचं. दोघं एकाच गाडीत तर बसले नाहीत ना?’ मी तेव्हा मान डोलावली. मला तो विषय नको होता, एवढंच त्या मान डोलावण्यात होतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलच्या मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. बॅटऱ्यांची खोली तेव्हा वर होती, बाळांच्या खोलीला लागून. ती जागा त्यांना दोन खाटांसाठी हवी होती. ‘मैडम, बैटरी नीचे बेसमेंट में कर दें? जनरेटर के पास? कोई दिक्कत?’ मी म्हटलं, रिपोर्ट देते. आणि मी रिपोर्ट दिला. समज, जनरेटर ऐन वेळी दगा देण्याची शक्यता शंभरात एक, बॅटऱ्यांची शंभरात एक, मग दोन्ही एकदम म्हणजे दहा हजारांत एक. मी दोन वर्तुळं काढली, त्यांना किंचित शिवलेलं दाखवलं, मधली पाकळी सुईच्या टोकाएवढी, आणि खाली लिहिलं की धोका नगण्य आहे. सही केली. मॅनेजरसाहेब खूश झाले. ‘देखा, मैथ्स वाली मैडम का फायदा.’ मला छान वाटलं, आई. मी मेट्रोत बसून घरी येताना मनात म्हटलं, आईला दाखवायला हवं होतं. मेन पॅनेल खाली, जनरेटर खाली, बॅटऱ्याही खाली. एकाच गाडीत कोण कोण बसलंय हे मला दिसलं नाही.

गेल्या महिन्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, लाईट गेली. नेहमीचंच. जनरेटर लागला. पाचेक मिनिटांत ऑपरेटरचा फोन आला. बुलंदशहरकडचे, पन्नाशीचे, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. ‘मैडम, नीचे पानी है.’ मी विचारलं, कितना? ते म्हणाले, ‘आप आ जाओ.’ मी जिना उतरले. पाण्याच्या टाकीकडे जाणारा मोठा पाइप सांध्यातून फाटला होता आणि पाणी भिंतीसारखं उभं राहून पडत होतं. आवाजानं काही ऐकू येत नव्हतं. शेवटच्या पायरीवर मी थांबले तेव्हा पाणी जनरेटरच्या चौथऱ्याला लागलं होतं आणि बॅटऱ्यांच्या खालच्या रॅकपासून वीतभर खाली होतं. मी बघत असताना ती वीत चार बोटं झाली. मला सगळं एका क्षणात दिसलं. पाणी बॅटऱ्यांना लागलं की पाण्यात वीज उतरते हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि ऑपरेटर त्या पाण्यात घोट्यापर्यंत उभे होते. वाट बघून चालणार नव्हतं. सगळं मलाच बंद करायला लागणार होतं. जनरेटरही, बॅटऱ्याही. वरचं सगळं हॉस्पिटल माझ्या हातानं.

मी वरच्या सिस्टरला फोन लावला. केरळची बाई, वीस वर्षं त्या खोलीत काढलेली. ‘सिस्टर, दो मिनट में मैं पूरी बिजली बंद कर रही हूँ. पूरी.’ पलीकडून ती म्हणाली, ‘मैडम, तीन बच्चे मशीन पे हैं. हम यहाँ दो हैं. डॉक्टर ऑपरेशन में हैं.’ मी म्हटलं, मशीनमध्ये आतली बॅटरी असते ना? ‘एक की खराब है. लिख के दिया था.’  सिस्टर म्हणाली, ‘आप बंद करो. हम हाथ से देंगे.’ पॅनेल उंच ओट्यावर होतं, त्याच्यासमोरची रबरी मॅट अजून कोरडी होती. मी तिच्यावर चढले. सगळं एकदम तोडणाऱ्या हँडलवर हात ठेवला. ऑपरेटर म्हणाले, ‘गिरा दो मैडम, अब गिरा दो.’ मी ते खाली ओढलं. जनरेटर खोकत थांबला आणि नुसता पाण्याचा आवाज राहिला.

मी चार मजले धावत चढले. खोलीत खिडक्यांचे पडदे ओढून उजेड केला होता. दोन मशिनं त्यांच्या आतल्या बॅटऱ्यांवर टिकटिक करत होती, तिसरं मेलं होतं, आणि सिस्टर त्या बाळाच्या तोंडावर मास्क धरून रबरी पिशवी दाबत होती. दुसरी नर्स बाकीच्या बाळांना कपड्यात गुंडाळत होती, कारण ऊब देणारे दिवेही गेले होते. सिस्टरनं माझ्याकडे बघितलंही नाही. ‘हाथ धोओ. इधर आओ. ये पकड़ो.’ दुसऱ्या मशीनची बॅटरी संपत आली होती, सिस्टरला तिकडे जायचं होतं. तिनं माझी बोटं धरून पिशवीवर ठेवली. ‘दो उंगली से. जोर नहीं. दबाओ... छोड़ो, छोड़ो. दबाओ... छोड़ो, छोड़ो.’ ते बाळ म्हणजे मुलगी होती. तिची छाती माझ्या बोटांसरशी वर यायची. आई, माझी बोटं थांबली असती तर ती छातीही थांबली असती. मी मोठ्यानं मोजत होते. हिंदीत सुरू केलं आणि कधी मराठीत गेले कळलं नाही. मला वाटत होतं जोरात दाबलं तर काहीतरी फाटेल, हळू दाबलं तर पोचणार नाही. बाळांच्या आया खालच्या वॉर्डातून जिन्यानं वर आल्या, टाके ताजे असलेल्या. त्यांनी बाळांना गाऊनच्या आत छातीशी धरलं. कुणी रडत नव्हतं. माझ्या हातातल्या मुलीची आई माझ्या खांद्याशी उभी राहून माझ्याबरोबर पुटपुटत होती, दबाओ, छोड़ो, छोड़ो. चाळीस मिनिटांनी अॅम्ब्युलन्स आल्या आणि तिन्ही बाळं दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात गेली.

दोन बाळं आता घरी आहेत. तिसरी, माझी, परवा घरी गेली. मशीन बंद पडल्यापासून सिस्टरचा हात तिच्यापर्यंत पोचेपर्यंत किती वेळ गेला, कुणालाच माहीत नाही. कुणी मोजला नाही. मी तिच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘अभी कुछ नहीं कह सकते. बैठेगी, चलेगी, बोलेगी, तब पता चलेगा.’ म्हणजे वर्ष, दोन वर्षं. तिची आई मला भेटायला आली होती, बरोबर सासू आणि पेढ्यांचा डबा. तिनं सासूला सांगितलं, ‘इन्हीं मैडम ने साँस दी थी.’ सासू माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी मागे सरले, खुर्चीला अडखळले. पेढ्यांचा डबा फ्रिजवर आहे, मी उघडलेला नाही.

त्या दिवसापासून मी तेच चित्र परत परत काढतेय. हॉस्पिटलच्या कागदांवर, वाण्याच्या बिलांच्या मागे. आता ते मला नीट काढता येतं. चौकट म्हणजे सगळे दिवस. एक वर्तुळ जनरेटर बंद पडण्याच्या दिवसांचं, एक बॅटऱ्या बंद पडण्याच्या. आणि त्यांच्या छेदाच्या आत एक तिसरं वर्तुळ, त्याचं नाव पाणी. ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी दोन्ही जाणारच. म्हणजे तळघरात पाणी शिरण्याची शक्यता जेवढी, निदान तेवढी तरी त्या मधल्या पाकळीची. दहा हजारांत एक कशाचं? जुना पाइप, जुना सांधा. अकरा वर्षांच्या मुलीला पिठात दाखवता येईल एवढं साधं होतं ते. मला कळत नव्हतं असं नाही. सोपं उत्तर आल्यावर मी पुढे बघितलंच नाही.

उद्याच्या चौकशीआधी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. ‘मैडम, आप टेंशन मत लो. आपका रिपोर्ट तो बिल्कुल ठीक था. पाइप का किसको पता? आप बस यही बोलना. और आपने तो बच्चे को बचाया, यार. सब जानते हैं.’ ते वाईट नाहीत, आई. तेही घाबरलेत. पण सिस्टरनं लिहून दिलेल्या बॅटरीच्या कागदाबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मला कळलं की मी पाइपवर ढकललं तर तो कागद दाबला जाईल आणि उरलेलं सगळं सिस्टरवर येऊन पडेल. मी चहा संपवला आणि म्हटलं, सोचती हूँ.  नोकरी जाईल, बहुतेक लायसन्सही. केस झाली तर कोर्ट. आणि ती मुलगी बोलायला लागेपर्यंत दर महिन्याला मी तिच्या आईला फोन करणार, आणि दर वेळी फोन उचलला जाईपर्यंत मला हीच भीती वाटणार. हे लिहिता लिहिता मला वाटतंय की मी उद्या रिपोर्ट समोर ठेवून चुकीची जागा दाखवीन. बोट ठेवून दाखवीन. घाबरत दाखवीन, पण दाखवीन.

आता राहिली एक गोष्ट. ती चौकशीत कुणी विचारणार नाही, कारण ती कुणाला माहीत नाही, ऑपरेटरना सोडून. मी हँडल खाली ओढल्यावर तळघरात अंधार झाला. डिझेलवर चालणारा पंप बसवायचा होता, आणि ऑपरेटर म्हणाले, ‘मैडम, आप यहीं रुको, टॉर्च पकड़ लो, मैं अकेला नहीं कर पाऊँगा.’ ओट्यावरून उतरले तेव्हा पाणी माझ्या नडगीपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, ‘ऊपर बच्चे हैं,’ आणि वळले. सगळे म्हणतात मी बाळांसाठी धावले. आई, पहिल्या मजल्यापर्यंत माझ्या मनात एकही बाळ नव्हतं. मी पाण्याला भिऊन पळाले होते. ऑपरेटर त्या अंधारात एकटे होते, दातांत मोबाइल धरून त्यांनी पंप बसवला, आणि आजवर मला त्याबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. रोज सकाळी ‘नमस्ते मैडम’ म्हणतात. मी अजून त्यांच्याकडे बघून नमस्ते म्हटलेलं नाही.